वंशावळ कुणी लिहिली, कशासाठी लिहिली

घराण्याचा शोध घ्यायचं मनात आलं की मराठी माणूस पहिल्यांदा घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला गाठतो आणि मग ग्रंथालयात जाऊन विचारतो, ‘आमच्या आडनावाचा कुलवृत्तांत निघालाय का हो?’ ही दुसरी चौकशी गोखले, बापट, लिमये, ओक अशा घरांत जन्मलेल्यांना सहज सुचते, कारण त्यांची पुस्तकं छापलेली आहेत. कुलकर्ण्यांना, पाटलांना, कांबळ्यांना, जाधवांना त्याच टेबलापाशी ‘नाही’ असं ऐकून परतावं लागतं. म्हणून ते शोधच सोडून देतात, आणि तिथेच चूक होते. संकलित वंशावळी मराठी मुलुखात अमाप आहेत. त्या नेहमी पुस्तकाच्या रूपात नसतात एवढंच. कुठे त्या खटल्याच्या कागदात आहेत, कुठे देवळाच्या भिंतीवर, तर कुठे तहसीलदाराच्या कपाटात. त्यांतली प्रत्येक वंशावळ कुणीतरी कशासाठी तरी जुळवलेली आहे. ते कारण कळलं, की तिच्यात कोण सापडेल आणि कोण सापडणार नाही याचा अंदाज बांधता येतो.

आधी कुलवृत्तांतांकडे पाहू. हा साहित्यप्रकार विसाव्या शतकात फोफावला, आणि चित्पावनांत सर्वांत जास्त. त्याचं कारण अभिमानाइतकंच आडनावांच्या रचनेतही आहे. चित्पावनांची परंपरा चौदा गोत्रं आणि साठ मूळ आडनावं सांगते. आडनाव आणि गोत्र एकत्र धरलं की एक कुळ बऱ्यापैकी वेगळं काढता येतं, आणि एका पुस्तकात मावेल असा त्याचा आवाका असतो. त्यात अठराव्या शतकात पेशवाईच्या निमित्तानं ही माणसं कोकणातून उठून पुणं, सातारा, मिरज, सागर, झाशी, काशी अशी पांगली. पांगलेल्यांना एकत्र मांडायची गरज वाटली, छापखाना हाताशी होता, आणि निवृत्त शिक्षक-कारकुनांचा चिवटपणाही होता. उलट ‘कुलकर्णी’ हे एका हुद्द्याचं नाव. गावोगावच्या, एकमेकांशी काडीचं नातं नसलेल्या, वेगवेगळ्या गोत्रांच्या घरांनी ते लावलं. त्यांचा एक कुलवृत्तांत कसा निघणार? मराठा घराण्यांत शहाण्णव कुळांच्या याद्या छापलेल्या आहेत, पण दोन याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि त्यांत कुळं असतात, माणसं नसतात. वंशशोधाला त्यांचा उपयोग बेताचाच.

कुलवृत्तांताची बांधणी साधारण ठरलेली असते. गोत्र, प्रवर, कुलदैवत, मूळ गाव, मूळ पुरुषाबद्दलची आख्यायिका. मग घराण्यांना क्रमांक देऊन एकेकाचा वंशवृक्ष, आणि त्यातल्या माणसांची दोन-चार ओळींची माहिती: जन्म, शिक्षण, नोकरी, बायकोचं माहेर, मुलगे. शेवटी ज्यांचा दुवा कुठेच लागला नाही अशी घराणी वेगळी टाकलेली असतात. ही पानं वाचक उलटून पुढे जातो, पण माझ्या मते संपादकाचा प्रामाणिकपणा तिथेच जोखावा. ज्या पुस्तकात सगळीच्या सगळी घराणी एका मूळ पुरुषाला नीट जोडलेली दिसतात, त्याच्याकडे थोडं संशयानंच पाहावं. साडेतीनशे-चारशे वर्षांत एकही धागा तुटला नाही असं माणसांच्या घरात होत नाही.

या पुस्तकांतली माहिती तीन थरांची असते आणि तिन्ही थर एकाच टाइपात छापलेले असतात. अलीकडच्या तीन-चार पिढ्या छापील फॉर्मवर, पोस्टकार्डावर किंवा कुलसंमेलनात लोकांनी स्वतः सांगितलेल्या; नावांपुरत्या त्या बहुतेक खऱ्या. मधल्या तीन-चार पिढ्या घरच्या कागदांवरून, श्राद्धाच्या वेळी घेतल्या जाणाऱ्या बाप-आजा-पणज्याच्या नावांवरून आणि तीर्थक्षेत्रीच्या वह्यांवरून. त्या पडताळता येतात. सर्वांत वरच्या पिढ्या मात्र पुष्कळदा एखाद्या सनदेतल्या एका नावावर किंवा केवळ ऐकीव गोष्टीवर उभ्या असतात. आज्याचं नाव नातवाला ठेवण्याच्या रीतीमुळे तीच नावं आलटून पालटून येतात, आणि एखादी पिढी गळली किंवा दुबार मोजली गेली तरी डोळ्यांत भरत नाही. याला एक सोपा उपाय आहे. दोन पिढ्यांत सरासरी पंचवीस-तीस वर्षं धरून वरपर्यंत मोजत जायचं. मूळ पुरुषाच्या सांगितलेल्या काळाशी ते जुळेना, तर जोड कुठे ढिला आहे ते शोधायचं.

एवढं असूनही जुन्या कुलवृत्तांतांची किंमत मी फार मोठी मानतो, आणि ती वंशवृक्षांपेक्षा परिशिष्टांसाठी. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये झालेल्या जाळपोळीत सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या किती वाड्यांतले कागद राख झाले आणि १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात पुण्यातल्या किती घरांतली दप्तरं वाहून गेली याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. त्याआधी छापलेल्या पुस्तकांत संपादकांनी सनदा, पत्रं, वाटण्यांचे कागद जसेच्या तसे उतरवून घेतले असतील, तर मूळ गेल्यावर ती नक्कल हाच पुरावा उरतो.

पुस्तक मिळवायला खटपट लागते. कुलवृत्तांत थोड्या प्रती छापून सभासदांना वाटले जातात. पुस्तकांच्या दुकानात क्वचितच येतात. पुण्यात १९१० पासून असलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि १८४८ चं पुणे नगर वाचन मंदिर, ठाण्याचं १८९३ चं मराठी ग्रंथसंग्रहालय, मुंबईचं १८९८ चं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय इथे आधी विचारावं. इंटरनेट आर्काइव्हवर बऱ्याच जुन्या मराठी पुस्तकांच्या प्रती आहेत, पण तिथली नावं रोमन लिपीत हव्या तशा स्पेलिंगांनी चढवलेली असतात. शोधताना ‘कुलवृत्तांत’, ‘कुलवृत्तान्त’, ‘घराण्याचा इतिहास’, ‘वंशावळ’, ‘वंशावळी’, ‘ज्ञातिवृत्त’ असे सगळे पर्याय घालावेत, आणि मूळ गावाच्या नावानंही शोधावं. सुधारित आवृत्ती मिळाली म्हणून पहिली आवृत्ती बाजूला सारू नये. नव्या आवृत्तीत माणसं वाढतात, पण जागा वाचवायला जुनी परिशिष्टं गळतात.

आडनावाशी अडून बसणाराही फसतो. नाना फडणीस मूळचे भानू. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुखांचं मूळ आडनाव सिद्धये. जोतीराव फुल्यांचं घराणं कटगुणचं गोऱ्हे. फुलांच्या धंद्यानं फुले झालं. बाबासाहेब आंबेडकरांचं घराणं सकपाळ, गाव आंबडवे. हुद्दा, धंदा, गाव किंवा शाळामास्तरांनी हजेरीपटावर लिहिलेलं नाव, यांतलं काहीही आडनाव होऊन बसतं. एका घरातले दोन भाऊ दोन गावी गेले की पुढे त्यांची दोन आडनावं होतात आणि दोन्ही घरं एकमेकांना सोयरीकही सुचवू लागतात. म्हणून गोत्र किंवा देवक, कुलदैवत आणि मूळ गाव ही खूण आडनावापेक्षा टिकाऊ समजावी.

चित्पावनांच्या पुस्तकांइतकीच चिकाटीची, पण वेगळ्या वळणाची परंपरा चित्रापूर सारस्वतांची आहे. इंग्लंड-अमेरिकेत वंशशोधक जुन्या जनगणनेची घरनिहाय पत्रकं उघडून बसतो. आपल्याकडे तो दरवाजा बंद आहे. १९४८ च्या कायद्यानं जनगणनेतली व्यक्तिगत माहिती गुप्त ठेवलेली आहे. या छोट्या समाजानं मात्र १८९६ पासून अधूनमधून स्वतःची खानेसुमारी स्वतःच केली आणि १९५६ ची तर निर्देशिकेसह छापली. अमेरिकी इतिहासकार फ्रँक कॉनलन यांचा या समाजावरचा १९७७ सालचा ग्रंथ अशा साधनांविना झाला नसता. इतर ज्ञातींच्या मंडळांनीही निर्देशिका आणि मासिकं काढली आहेत. तिथल्या निधनवार्ता आणि देणगीदारांच्या याद्या कंटाळवाण्या दिसतात, पण तारखा त्यांतच मिळतात.

आता छापखान्याच्या मागे जाऊ. मराठेशाहीत वंशावळ लिहिली जायची ती मुख्यत्वे वतनासाठी. पाटीलकी, देशमुखी, कुलकर्ण कुणाचं, वडीलपण कुणाचं, मान आधी कुणाला, यावरून तंटा पेटला की दोन्ही पक्ष आपापली हकीकत मांडत. ती करीना, कैफियत, महजर, निवाडपत्र अशा कागदांत उतरे. कारीच्या जेधे देशमुखांचा करीना आणि शकावली ही यांतली सर्वांत गाजलेली जोडी. शकावलीतल्या नोंदीमुळे शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद नव्यानं उभा राहिला आणि फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी पुढे आली. पण जेध्यांनी ते कागद शिवचरित्रासाठी जपले नव्हते. आपल्या घराण्यानं वतनासाठी आणि स्वामीसाठी काय सोसलं ते सांगायला जपले होते. अशा करीन्यांत भाऊबंदांचे खून आहेत, गाव सोडून पळालेली आई आहे, परत येऊन वतन मिळवणारा मुलगा आहे. कुठल्याही कुलवृत्तांतापेक्षा ते वाचनीय आहेत. फक्त एक लक्षात ठेवावं: ही एका पक्षकाराची बाजू आहे. समोरच्याच्या कैफियतीत वडील भाऊ धाकटा झालेला असतो.

बखरींनाही हेच लागू. पटवर्धनांची ‘हरिवंशाची बखर’ नावापासूनच घराण्याची कथा आहे. मल्हार रामराव चिटणीस हे शिवकालीन बाळाजी आवजींच्या वंशातले, आणि त्यांच्या बखरीत चिटणीस घराण्याचं महत्त्व जरा जास्तच उजळ झालं आहे, हे इतिहासकारांनी वारंवार दाखवलंय. राजवाड्यांनी संपादून छापलेली ‘महिकावतीची बखर’ वेगळी. वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या त्या पोथीत उत्तर कोकणात आलेल्या कुळांच्या याद्या आहेत, आणि वसई-केळवे-माहीमच्या ज्ञाती आजही आपलं मूळ सांगताना तिचा आधार घेतात. कुळांच्या स्थलांतराची आठवण म्हणून ती मोलाची आहे. आपल्या खापरपणज्याचा बाप तिच्यात शोधू नये.

वंशावळ कशासाठी लिहिली जाते याचं सर्वांत ठळक उदाहरण महाराष्ट्राबाहेर आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. मराठीतल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांपैकी तो एक. सरफोजी हे तुळजाजींचे दत्तक पुत्र. ते दत्तविधान अमरसिंहांनी अमान्य करवलं होतं, गादीही मिळवली होती. शेवटी कंपनीनं १७९८ मध्ये सरफोजींना गादीवर बसवलं आणि पुढच्याच वर्षी राज्यकारभार स्वतःकडे घेतला. राज्य हातात उरलेलं नाही, दत्तकपणावर शंका घेतली गेलेली, अशा वेळी या राजानं आपली वंशावळ दगडात लिहून ठेवली. शिलालेखात वंश कुठे लांबवलाय, कुठे आवरलाय, कोणाला किती जागा दिलीय हे वाचताना ही पार्श्वभूमी विसरली की तपशिलाचे घोटाळे नुसते घोटाळे वाटतात.

इंग्रजी अमलातल्या इनाम कमिशननं तर वंशावळींचा पूरच आणला. १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वये इनामदारांकडून पुरावे मागवले गेले. मूळ सनद कुणाला मिळाली आणि तिथून आजच्या भोगवटदारापर्यंत वंश कसा आला हे दाखवल्याशिवाय इनाम टिकेना. घरोघरच्या पेट्या उघडल्या, देवळांचे, मठांचे, दर्ग्यांचे कागद सरकारजमा झाले. पुणे पुरालेखागारातल्या जमाव विभागात हा ऐवज आहे. मुसलमान इनामदारांच्या, गुरवांच्या, गोसाव्यांच्या वंशावळी शोधायच्या तर माझ्या मते इथून चांगली सुरुवात दुसरी नाही. त्यात खोटे कागद आहेत का? आहेत. कमिशनचे अधिकारी ते ओळखत आणि शेरेही मारत. ते शेरेच उपयोगी पडतात.

पुणे पुरालेखागार, ज्याला सगळे पेशवे दप्तर म्हणतात, म्हणजे रुमालांत बांधलेले कोट्यवधी मोडी कागद. तिथे थेट शिरण्याआधी छापील वाट चोखाळावी. रियासतकार सरदेसायांनी १९३० च्या दशकात पेशवे दप्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले. त्यांच्या ‘ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी’ या १९५७ च्या ग्रंथात सरदार, मुत्सद्दी, संतांची घराणी एका जागी आहेत. तो ग्रंथ टेबलावर उघडा ठेवूनच पुढचं काम करावं. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या १८९८ पासून निघालेल्या २२ खंडांत आणि वासुदेवशास्त्री खऱ्यांच्या ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त लहान घरांची नावं अनपेक्षित ठिकाणी येतात. चित्रावशास्त्र्यांचे चरित्रकोश हे या सगळ्यांत शिरायचं प्रवेशद्वार म्हणून चांगले.

कालगणनेत मात्र घाई करू नये. शके असेल तर ७८ मिळवायचे, एवढं सगळ्यांना माहीत असतं. दख्खनी फसली असेल तर ५९० आणि सुहूर असेल तर ५९९ मिळवावे लागतात, दोन्हींत वर्षाच्या उत्तरार्धासाठी एक जास्त. सुहूर सन अंकांत न लिहिता अरबी शब्दांत लिहायची पद्धत होती, तीही एकं-दहं-शतं अशा उलट्या क्रमानं. ‘इसन्ने सलासीन मया व अलफ’ म्हणजे दोन, तीस, शंभर, हजार: ११३२, अर्थात इसवी १७३१-३२. मोडी शिकलेला माणूसही इथे अडखळतो.

कागद वतनदारांचे, पण जो तीर्थयात्रेला गेला त्याची नोंद वतन नसलं तरी झाली. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, गोकर्ण, काशी, प्रयाग, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूनं स्वतः, किंवा लिहिता येत नसेल तर उपाध्यायाकडून, आपलं, बापाचं, आज्याचं, भावांचं, मुलांचं नाव आणि गाव लिहिलं. या नोंदींचं बळ असं की त्या एकाच दिवशी, समोर बसलेल्या माणसाच्या सांगण्यावरून झाल्या. मागाहून जुळवलेल्या नाहीत. कुठल्या पुढाऱ्याला दाखवायच्या नव्हत्या, कोर्टात सादर करायच्या नव्हत्या. आई, बायको, बरोबर आलेली विधवा आत्या यांचीही नावं पुष्कळदा सापडतात. उपाध्यायांची घरं वाटून निघाली तेव्हा यजमानही गावं, प्रांत आणि जातींप्रमाणे वाटले गेले, त्यामुळे क्षेत्री उतरल्यावर आडनावाबरोबर मूळ गाव आणि जात सांगितली तरच योग्य घर सापडतं. मूळ गाव म्हणजे आज राहतो ते नव्हे. पणजा कुठून आला ते. हरिद्वारच्या वह्यांची सूक्ष्मचित्रं अमेरिकेतल्या यूटाच्या वंशशास्त्र संस्थेनं काढली आणि त्यांतली बरीच फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर पाहता येतात. बाकीच्या वह्या खाजगी मालकीच्या आहेत. तिथे दक्षिणा ठेवावी, फोटो काढण्याआधी विचारावं, आणि घाईत जाऊ नये.

दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात हेच काम हेळवी करत आले. सुगी झाल्यावर बैलावरून गावात येणारा हेळवी ठरलेल्या घरांपुढे उभा राहून त्या घराची पिढ्यान् पिढ्यांची नावं म्हणतो, नव्या जन्मांची भर घालतो आणि धान्य घेऊन पुढे जातो. लिंगायत, मराठा आणि इतर शेतकरी घरांना कुलवृत्तांत नसला तरी हेळवी आहे. कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडच्या माणसानं ग्रंथालयात जाण्याआधी गावच्या म्हाताऱ्यांना आपला हेळवी कुठला ते विचारावं. त्याची वही आणि त्याचं पाठांतर यांत फरक पडला तर मी वहीवर भिस्त ठेवीन. पाठांतर देणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून थोडं फुलतं.

एवढं झाल्यावरही मोठा समाज बाहेर राहतो. त्यांच्या वंशावळी सरकारनं लिहिल्या, आणि त्यांना विचारून नव्हे. गावकामगारांच्या नोंदी इथे आधी पाहाव्यात. १८७४ च्या वतन कायद्यानं गावोगावी वतनी हक्कांची रजिस्टरं नीट लावली, आणि महार वतनाच्या तक्षिमा, पाळी, हिस्से कुणाचे यावरून झालेल्या चौकशांत भावकीची पुरी उतरंड येते. कनिष्ठ गावकी वतनं १९५८ च्या कायद्यानं संपली. ती खालसा करताना पुन्हा एकदा वारसांची नोंद झाली. ज्यांच्या पूर्वजांबद्दल एक ओळही छापलेली नाही असं म्हटलं जातं, त्यांच्या पाच-सहा पिढ्या या दप्तरात मिळू शकतात.

गावपातळीवर आणखी तीन साधनं आहेत. जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर, आणि फेरफार. जातपडताळणीमुळे ही नावं आता घराघरांत तोंडपाठ झाली आहेत. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि अर्जाबरोबर शपथेवर वंशावळ. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीनं मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा महसुली कागद, शाळांची रजिस्टरं, दस्तनोंदणी सगळं धुंडाळलं गेलं आणि मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे तेवढी मागणी आली. एवढ्या प्रमाणावर सामान्य शेतकऱ्यांच्या वंशावळी याआधी कधी मांडल्या गेल्या नव्हत्या. संशोधकांनी याकडे राजकारण म्हणून पाठ फिरवू नये. पण इनाम कमिशनच्या कागदांना जो नियम तोच इथेही: हक्क ठरवायला केलेली वंशावळ हक्कापुरतीच जाते. ज्या पूर्वजापुढे हवी ती नोंद सापडली, तिथे ती थांबते. दाखल्याच्या कामी न येणारे भाऊ, चुलते, दुसऱ्या बायकोची मुलं तिच्यात असतीलच असं नाही.

मुलींचं काय, हा प्रश्न आता विचारायलाच हवा. जुन्या कुलवृत्तांतांत मुलगी ‘एक कन्या’ एवढीच असते, किंवा जावयाच्या नावासह संपते. सुनेचं सासरचं नाव असतं, लग्नात बदललेलं. माहेरचं असलं तर कंसात. बालविधवा, टाकलेल्या, संततीवाचून गेलेल्या बायका तर नाहीतच. नव्या आवृत्त्यांत मुलींच्या शाखा येऊ लागल्या आहेत, पण तीनशे वर्षांची तूट त्यानं भरत नाही. ती थोडीफार भरते तलाठ्याच्या दप्तरातून. खातेदार वारला की वारसांची नावं गाव नमुना ६-क मध्ये चढतात आणि फेरफार होतो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर, आणि महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीनंतर अधिकच, बहिणींची नावं वगळून चालेना. मग त्यांची नावं वारस म्हणून लागली आणि बहुतेक वेळा लगेच भावांच्या लाभात त्यांच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतलं गेलं. त्या दस्तात बहिणीचं सासरचं पूर्ण नाव, वय, राहण्याचं गाव, आणि अंगठा किंवा सही असते. कुळाच्या पुस्तकातून गळलेल्या आत्या-आजींना मी शोधायला निघालो असतो तर कुलमंडळाकडे न जाता दुय्यम निबंधकाच्या कचेरीत गेलो असतो. ज्या कागदानं त्यांचा हिस्सा गेला, त्याच कागदानं त्यांचं नाव ठेवलं. जुने फेरफार आणि सातबारे शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर बऱ्याच जिल्ह्यांचे मिळतात; दस्तांसाठी मात्र कचेरीची पायरी चढावी लागते.

गोव्यात चित्र निराळं. १५९५ पासूनचं पुराभिलेखागार, चर्चची बाप्तिस्मा आणि लग्नाची पुस्तकं, गावकारीच्या वांगडांच्या, म्हणजे कुळगटांच्या, नोंदी, देवळांच्या महाजनांच्या याद्या, आणि पोर्तुगीज पद्धतीची नागरी नोंदणी, जिच्यात जन्माबरोबर दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावं येतात. आईकडची बाजू शोधायला इतकी सोय उरलेल्या मराठी-कोकणी मुलुखात नाही. अडचण दोन जागी: भाषा पोर्तुगीज, आणि धर्मांतराच्या ठिकाणी नावांचा धागा तुटतो. मराठवाड्याच्या लोकांना तशीच फारसी-उर्दूची भिंत लागते, आणि त्यांचे बरेच कागद हैदराबादच्या अभिलेखागारात आहेत.

सागरापलीकडच्या मराठी माणसांत सर्वांत जास्त कागद मॉरिशसच्या मराठी लोकांजवळ आहेत, हा इतिहासाचा विचित्र न्याय. एकोणिसाव्या शतकात कोकणातून गिरमिटावर गेलेल्या मजुरांची नोंद मळेवाल्यांसाठी केली गेली: नाव, बापाचं नाव, जात, जिल्हा, गाव, उंची, अंगावरची खूण, पुढे पुढे छायाचित्रसुद्धा. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत ती जपलेली आहे. त्यामुळे तिथला माणूस पाचव्या पिढीतल्या पूर्वजाच्या गावाचं नाव घेऊन रत्नागिरी-सिंधुदुर्गात येतो. ते नाव कुठल्याशा कारकुनानं ऐकून रोमन लिपीत लिहिलेलं असल्यानं जवळच्या चार गावांना ते लागू पडतं, आणि खरा शोध तिथून सुरू होतो.

आजच्या ऑनलाइन वंशवृक्षांबद्दल थोडक्यात. त्यांतली जुनी पानं पुष्कळदा एखाद्या छापील कुलवृत्तांतातून उचललेली असतात, पुस्तकाचं नाव न देता. पाच झाडांवर एकच माहिती दिसली तरी ती पाच साक्षीदारांची साक्ष नव्हे.

याउलट एक साधन असं आहे की जे कुणी मागत नाही. कुलवृत्तांत करताना संपादकांकडे लोकांनी भरून पाठवलेले फॉर्म, पोस्टकार्डं, भांडकुदळ पत्रं, ‘आमच्या आजोबांना दत्तक म्हणू नका’ असं बजावणारे निरोप, हे सगळं गठ्ठ्यांनी साठतं. छापताना त्यातला दशांशही येत नाही. जे वगळलं गेलं, ते त्या गठ्ठ्यांतच राहतं: दुसरं लग्न, दत्तकाचं मूळ घर, गाव सोडायचं खरं कारण. पुस्तक निघालं, मंडळाचे चिटणीस बदलले, मूळ संपादक गेले, की हे गठ्ठे कुणाच्या तरी माळ्यावर जातात आणि घर रंगवायला काढलं की रद्दीत. भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ अशा ठिकाणी ते देता येतील का, हे कुलमंडळांनी निदान विचारून पाहावं. आणि आपल्या आडनावाचं पुस्तक शोधत चिटणिसांकडे जाणाऱ्यानं प्रत मागताना मूळ फॉर्म कुणाच्या घरी आहेत तेही विचारून घ्यावं.